गुडघ्यावरचं ठिगळ

"मी शंभरी गाठणार!" शिंप्याने बागेतल्या बाकावर जाहीर केलं आणि पँटचा पाय वर सारला. गुडघ्यावर एक पारदर्शक ठिगळ चिकटलं होतं.

"बायकोच्या कपाटात सापडलं. ती कंबरेखाली लावायची. उगाच नव्हती तुरुतुरु चालत! चाळीस वर्षं मशीन मारून माझा गुडघा गेलेला. आता बघा!" आणि तो बाकाभोवती हरणासारखा धावला. म्हातारं हरीण, पण हरीणच!

तिला जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर शिंप्याने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

"बाबा, एकदा रडून घ्या हो," नर्स असलेली लेक विनवायची.

"कापडावर डाग पडतात," तो म्हणायचा.

बाकावरच्या पोस्टमनने एक ठिगळ मागून घेतलं. बेकरीवाल्याने दोन. चौथ्या दिवशी लेकीच्या हाती ठिगळांचा खोका लागला आणि ती तडक बागेत आली.

"बाबा! हे दुखण्याचे नाहीत! आईचे हार्मोनचे पॅच आहेत, पाळी गेल्यावर दिलेले!"

बाकावर हाहाकार उडाला.

"तरीच माझा शर्ट छातीवर घट्ट होतोय!" पोस्टमन किंचाळला.

"तो मीच घट्ट शिवलाय," शिंपी पुटपुटला.

"मी काल सुनेची माफी मागितली!" बेकरीवाला रडकुंडीला आला. "जन्मात पहिल्यांदा!"

शिंपी खाली बघत म्हणाला, "मी परवा हिच्या आईच्या स्वेटरला बटण लावताना ढसाढसा रडलो. सुईत दोरा जाईना."

लेकीने तिघांना डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं.

"बाई, निदान आयुष्य तरी वाढेल ना?" शिंप्याने विचारलं.

"बायकांच्या बाबतीतही त्याचं सरळ उत्तर नाही. कुणाला, कोणत्या वयात दिलं, त्यावर असतं. शिंप्यांच्या गुडघ्यांचा तर कुणी अभ्यासच केलेला नाही!" बाईंनी खोका उलटा केला. "आणि याची मुदत संपून तीन वर्षं झालीत. तुम्हाला काही झालेलं नाही. काढा ते, आणि दुसऱ्याचं औषध पुन्हा लावू नका!"

"म्हणजे माफी मी शुद्धीत मागितली?" बेकरीवाला खचलाच.

शिंप्याने गुडघ्यावरचं ठिगळ सोलून काढलं. "मग माझं ते रडणं..."

"ते तुमचंच," बाई हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी तो पुन्हा स्वेटर घेऊन बसला. दुसरं बटण. लेक दारात उभी राहिली.

"बाबा, रडताय?"

"छे गं! हार्मोन आहेत ते!" शिंप्याने बाहीला नाक पुसलं आणि सुई पुढे केली. "दोरा तेवढा ओवून दे."