माझ्या गाडीला चोर मिळावा म्हणून

माझ्या मोटरसायकलला कुणी कितीही नावं ठेवो, मला काहीही फरक पडत नाही! फक्त ठेवणाऱ्याशी मी पुढे बोलत नाही, इतकंच. सध्या सोनईत मला बोलायला फारशी माणसं उरलेली नाहीत.

गाडी जुनी आहे, टू-स्ट्रोक आहे, मान्य. धूर सोडते, मान्य! नव्या गाड्या काय सोडतात? काहीच नाही. आपण येऊन गेलो हे मागच्याला कळायला नको का? माझी गाडी कॉलेजच्या फाटकात शिरली, की वरच्या मजल्यावरची मुलंसुद्धा मुकाट वर्गात जाऊन बसतात. चकचकीत मोटारीतून येणाऱ्या प्राचार्यांच्या नशिबी हे नाही.

पण माझा मेव्हणा अजिनाथ मोटरसायकली विकतो. त्याला माझी गाडी म्हणजे धंद्याला लागलेला डाग वाटते. परवा जेवायला आला आणि पहिल्या घासाला सुरू झाला.

"दाजी, दसऱ्याला एक्सचेंजला टाका ती. नवी कोरी देतो."

"माझी गाडी विकाऊ नाही!"

"विकाऊ कुठली! किल्ली लावून भर बाजारात ठिवली, तरी चोर न्यायचा न्हाई!"

मी ताट सरकवलं. "लाव पैज!"

पैज ठरली. दिवस मावळेपर्यंत गाडी कुणी नेली नाही, तर ती मुकाट अजिनाथच्या शोरूमला. नेली, तर अजिनाथनं जन्मात पुन्हा तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

"शिंगणापुरात लावतो," मी म्हणालो.

"तिथं नको दाजी. तिथं घरांना दारं न्हाईत, तरी कुनी काडी हलवत न्हाई. मग म्हनाल, शनिदेवाच्या धाकानं न्हाई नेली. आपल्या सोनईच्या बाजारात लावा."

माझी बायको जया भाकरी वाढता वाढता थांबली. "अहो, म्हणजे गाडी चोरीला गेली, तर तुम्ही जिंकलात?"

"अर्थात!"

"आणि मग कॉलेजला कशावर जाणार?"

"तो प्रश्न गौण आहे," मी म्हणालो. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो.

बाजारच्या दिवशी गाडी भाजीच्या ओळीच्या तोंडाशी लावली, किल्ली तशीच ठेवली आणि समोरच्या चहाच्या हॉटेलात अजिनाथबरोबर बसलो. पहिला घोट घेतोय तोच भाजीवाल्या मनकर्णामावशी ओरडल्या, "ओ सर! किल्ली इसरलात की!"

"असू द्या, मावशी."

"आसू द्या कसं? कुनी नेली म्हंजी?"

"नेईल असं वाटतं तुम्हाला?" मी मोठ्या आशेनं विचारलं.

मावशींनी गाडीकडं नीट पाहिलं. "तसं न्हाई नेनार म्हना कुनी," म्हणाल्या आणि वांगी मोजायला लागल्या.

अजिनाथ चहात हसला.

मग आमच्या कॉलेजचा शिपाई रामहरी किल्ली काढून थेट माझ्या हातात देऊन गेला. मी ती पुन्हा लावून आलो. थोड्या वेळानं कुणीतरी आरशाला कांद्याची पिशवी अडकवली. दुपारी तर एकानं फूटरेस्टला शेळी बांधली! वाहनाचा खुंटा झाला! शेळी असताना चोर कसा यावा? मी जाऊन दावं सोडायला लागलो, तेवढ्यात मागून एक हात माझ्या कॉलरवर पडला.

"दिवसाढवळ्या शेळी चोरतो व्हय रं?"

"अहो, मी चोर नाही! मी चोराची वाट बघतोय!"

हे ऐकून गर्दी वाढली. शेवटी मनकर्णामावशींनी "सर हायेत आमचे, जरा डोक्यानं तसे हायेत, पन शेळी न्हाई चोरनार," अशी ग्वाही दिली, तेव्हा मी सुटलो आणि शेळी शेजारच्या खांबाला गेली.

उन्हं कलली. अजिनाथनं मोबाईलवर मला नव्या गाडीचे रंग दाखवायला सुरुवात केली.

आणि तो आला! बाहेरगावचा गडी. काळा चष्मा, इकडंतिकडं बघणं, सगळं कसं रीतसर. गाडीभोवती एक फेरी मारली, किल्ली पाहिली आणि बसला! पोरगी पसंत पडल्यावर बापाची होते तशी माझी छाती फुगली. अजिनाथचा चेहरा उतरला.

गड्यानं किक मारली. फुस्स. पुन्हा मारली. फुस्स. घामानं निथळला, उतरला, गाडीला एक लाथ घातली आणि शेजारच्या नव्या गाडीकडं वळून बघायला लागला.

सूर्य टेकला होता. मी कधी उठलो, कधी रस्ता ओलांडला, मला कळलंच नाही.

"काय झालं?"

तो दचकला. "मेव्हन्याची गाडी हाय, काका. सुरूच व्हईना."

"मेव्हण्याची," मी म्हणालो.

"बिनअकली मानूस! काय बघून घेतलं हे भंगार, कुनास ठाऊक!"

घरच्यांचं ऐकून घेतलं, भाजीवालीचं ऐकून घेतलं. पण चोरानंही नावं ठेवायची?

"व्हा बाजूला!" मी कडाडलो. "पेट्रोलचा कॉक उघडलात का? चोक ओढलात का? हिला आधी जरा डावीकडं कलवायचं, किक दोनदा हळू दाबायची, श्वास घेऊ द्यायचा... आणि मग..."

मी किक मारली. गाडी अशी गर्जली, की शेळीनं दावं तोडलं! अर्धा बाजार धुरात बुडाला.

"आता बोला!"

"मानलं, काका! नादच खुळा!" तो टांग टाकून बसला.

"दुसरा गियर हलक्या पायानं टाका!" मी मागून ओरडलो. त्यानं हात केला. मीही केला. राहुरीच्या रस्त्याला धुराची रेघ लांबत गेली आणि मी ती अभिमानानं बघत राहिलो. धूर विरला, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

अजिनाथ शब्दाला जागला. गाडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. इतकं हसताना काढणार तरी कसं?

जयानं मात्र मला धरून पोलीस चौकीत नेलं. हवालदार गंभीरपणे लिहायला बसले.

"लॉक तोडलं का?"

"किल्ली गाडीलाच होती."

"बरं. चोरानं गाडी सुरू कशी केली?"

"त्याला जमेना. मी करून दिली."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

"पण एका किकमध्ये!" मी म्हणालो.

हे वाक्य त्यांनी लिहून घेतलंच नाही.