टांगो पापा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही! पांढुर्ण्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो, अमावस्येला मुद्दाम नवे कपडे घालतो आणि मांजर आडवं गेलं तर त्यालाच थांबायला सांगतो. माझी दुसरी फुशारकी म्हणजे माझी मुलगी तेजस्विनी. ती पायलट होणार आहे. ही बातमी मी किराणा दुकानापासून संत्र्याच्या मंडीपर्यंत सगळीकडे पोचवली होती.

अडचण एकच होती, तिची सर्दी. महिन्यातून दोनदा तिचं नाक चोंदायचं आणि मागोमाग कानांना दडे बसायचे. वैमानिकाचे कान मोकळे लागतात. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला एकदा "आधी नाक नीट करा, मग या" म्हणून परत पाठवलं होतं. आता सोमवारी पुन्हा मेडिकल होती. यावेळी जमलं नाही तर ट्रेनिंगमधली तिची जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि नेमकी त्याच आठवड्यात सर्दी घरात शिरली. तिला झाली, माझ्या बायकोला, रजनीला झाली, मग मला झाली.

शुक्रवारची दुपार. एप्रिलमध्ये आमच्याकडे बारा वाजल्यानंतर गल्लीत कुत्रंही दिसत नाही. मी समोरच्या खोलीत फरशीवर पडलो होतो. तेवढ्यात तेजूच्या बंद खोलीतून आवाज आला. पुरुषाचा आवाज होता, जाड आणि खरखरीत. आमच्या घरात पुरुष मी एकटाच आहे.

"सोल्स ऑन बोर्ड?" त्याने विचारलं.

तेजूने उत्तर दिलं, पण तो तिचा रोजचा आवाज नव्हता. विहिरीच्या तळातून यावा तसा घुमत आला.

"थ्री."

सोल म्हणजे आत्मा, एवढं इंग्रजी मला येतं. आणि घरात आम्ही तिघंच होतो.

"टांगो पापा," ती पुढे म्हणाली.

आमच्या भागात मराठी आणि हिंदी एकाच ताटात जेवतात. टांगो म्हणजे लटकवा. पापा म्हणजे मी. माझा हात आपोआप गळ्याकडे गेला.

"तेजू?" मी दारावर टकटक केली. थोड्या वेळाने पुन्हा तेच, शांतपणे, घाई नसल्यासारखं. "टांगो पापा."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. खाटेवर एक पांढरी चादर बसली होती. डोकं दिसत नव्हतं, हात दिसत नव्हते. चादर संथपणे डोलत होती आणि तिच्या कडांमधून धूर निघत होता. विज्ञानाच्या मास्तरला ती वाफ वाटायला हवी होती. मला वाटली नाही.

संध्याकाळी मात्र तेजू नेहमीसारखी बाहेर आली आणि भाकरी खायला बसली. रजनीने जपून विचारलं, "दुपारी कोणासंग बोलून राहिली होती वं?"

"कंट्रोलसंग."

"कोणाच्या कंट्रोलमधी हायस तू?"

दडे बसलेल्या कानांना ते ऐकू गेलं नसावं. ती हसून म्हणाली, "त्यायनं परमिशन देल्ली का मंग खाली उतरतो." रजनीच्या हातातला पेला खाली पडला.

मी त्याच वेळी सौंसरला फोन लावला. माझी मोठी बहीण सुमनताई तिथे राहते आणि असल्या बाबतीत तिचा हात धरणारा त्या तालुक्यात कोणी नाही. शनिवारी सकाळच्या बसने ती आली. नाकाला रुमाल लावलेला होता, कारण सौंसरलाही सर्दीची साथ होती आणि तिचंही नाक चोंदलेलं होतं. दुपारी ती दाराला कान लावून उभी राहिली. आत तो पुरुष काहीतरी खरखरला. तेजू घुमली, "टांगो पापा."

ताईचा चेहरा उतरला. "मुकुंदा, पोरीले हवा लागली."

"ताई, तिले हवेतच त जायचं हाय."

"म्हणूनच लागली ना बाप्पा!"

उपाय घरचाच होता. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकायच्या. नजर नसेल तर मिरचीचा असा वास सुटतो की सगळे खोकून बेजार होतात. नजर असेल तर वासच येत नाही. जितका वास कमी, तितकी बाधा मोठी. हे नियम मलाही पाठ होते, फक्त विश्वास नव्हता. पण गळ्याचा प्रश्न होता.

ताईने बंद दारावरूनच सात मिरच्या ओवाळल्या आणि उंबऱ्याजवळ ठेवलेल्या शेगडीत टाकल्या.

"वास येते का रे?"

"नाई."

"तुले वं, रजनी?"

"मलेबी नाई."

"मलेबी येत नाई," ताई हळूच म्हणाली. आत तो पुरुष म्हणाला, "से अगेन."

ताईने मूठभर मिरच्या टाकल्या. वास नाही. रजनी गच्चीवर धावली. वर्षाच्या तिखटासाठी तिथे मिरच्या वाळत होत्या. तिने सूप भरून आणलं आणि सगळं शेगडीवर उपडं केलं. तरीही वास नाही. आमच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, घसा धरला होता, पण पोरीच्या काळजीनेच तसं होतंय असं तिघांनाही वाटलं. खरं सांगतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. पायलट नको, जागा नको, फक्त माझी मुलगी मला परत द्या, असं मी शेगडीला म्हणत होतो.

मग ते सुरू झालं. त्या निपचित गल्लीत, जिथे माणूस दिसत नव्हता, तिथे एका घरातून खोकला उठला. मग दुसऱ्या घरातून. मग समोरून, मागून, सगळीकडून.

"निघालं," ताई कुजबुजली. "घराबाहेर जाऊन राहिलं ते."

तेवढ्यात समोरचा गुणवंता तोंडाला गमछा बांधून, बादली घेऊन आत घुसला. "मास्साब, आग कुठं लागली? आख्खी गल्ली मरून राहिली ना खोकून खोकून!"

त्याच क्षणी तेजूचं दार उघडलं. मिरचीच्या धुरातून पांढरी चादर तडमडत बाहेर आली आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडे वळली. गुणवंताने बादली चादरीवर रिकामी केली आणि तो पळाला. चादरीला एकामागून एक शिंका आल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण भुतांना सर्दी झाल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

चादर म्हणजे वाफारा होता. तो पुरुष मोबाइलमधला कंट्रोल टॉवर होता, तेजू वाफेच्या पातेल्यात तोंड घालून त्याला उत्तरं द्यायचा सराव करत होती आणि कान बंद म्हणून मोबाइल मोठ्याने लावलेला होता. विमानात किती माणसं आहेत हे ते लोक तसंच विचारतात म्हणे. आणि रेडिओवर विमानाच्या नंबरातली टी आणि पी ही अक्षरं सांगायची असली की टँगो आणि पापा म्हणतात.

तेजू ओल्या चादरीत रडत बसली. "सोमवारी मेडिकल हाय पापा. माह्या नाकात आता धूर भरला ना तुमी." मला तिच्याकडे बघवेना. ताईने रागाने शेगडीलाच लाथ मारली.

शनिवारी रात्रभर आणि रविवारभर पोरीचं नाक नळासारखं वाहिलं. सोमवारी आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरांनी बॅटरी लावून नाक पाहिलं, कान पाहिले, नाक दाबून कानात हवा भरायला सांगितली आणि मान हलवली.

"एकदम मोकळं आहे. कोणतं औषध घेतलंस?"

"मिरची," तेजू म्हणाली. डॉक्टर हसले. मी छाती फुगवली. माझ्यामुळेच झालं म्हणायचं!

"शेवटचा प्रश्न," डॉक्टर म्हणाले. "घरात कोणाला मानसिक आजार?"

तेजू वळली आणि माझ्याकडे पाहू लागली. पाहतच राहिली. मी घसा खाकरला.

"नाही सर," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे, अजून कोणाला दाखवलं नाही."