शालनवहिनींच्या मापाची गाडी

आमचे अण्णा वडापच्या, म्हणजे सीटा भरल्या की सुटणाऱ्या, गाडीत दोनदा चढतात. एकदा सरळ चढतात, खाली उतरतात आणि मग कमरेत वाकून, एका हातात पिशवी धरून, नेसूचं सावरल्यासारखं करत म्हातारीगत पुन्हा चढतात. आष्ट्याच्या नाक्यावर मागची पंधरा माणसं खोळंबलेली असतात. "ओ पावणं, बसताय का उतरताय?" अण्णा खिशातला टेप काढून पायरी मोजतात आणि मला सांगतात, "सोळा इंच. काढणाऱ्याला रोज पाच येळा चढवा ह्यात." मी त्यांचा शेजारी आणि शाळामास्तर. नाक्यावरची अर्धी माणसं माझे विद्यार्थी असल्यामुळे मी अशा वेळी आभाळाकडे बघतो.

'काढणारा' म्हणजे वस्तू तयार होण्याआधी तिचं चित्र काढणारा. अण्णा स्वतः तेच होते. पुण्याकडच्या एका गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं डिझायनर. निवृत्त होऊन आष्ट्याला परतले आणि आमच्या गल्लीला वस्तूंचे दोष दिसू लागले. पूर्वी मिक्सरचं झाकण उडालं की आमच्याकडे बायकोला बोलणी बसायची. आता झाकणाला बसतात.

एकदा एका घरी मुलगी बघायला आम्ही दोघं वडीलधारे म्हणून गेलो होतो. सगळ्यांनी मुलगी बघितली, अण्णांनी ट्रे बघितला. पसंती विचारली तेव्हा म्हणाले, "पोरगी झ्याक हाय. पण ट्रेला मूठ न्हाई. तिचं बोट भाजलं, त्ये तुमी कुणी बघितलं न्हाई." लग्न जमलं. त्या मुलीनं पहिल्या दिवाळीत अण्णांना वेगळा डबा भरून फराळ दिला. मला दिला नाही.

त्यांना आवडणाऱ्या वस्तू दोनच. एक तांब्या. "गळ्याला धरा, सांडत न्हाई, निसटत न्हाई. कुणी काढला ठावं न्हाई, पर त्याला हात व्हता." दुसरी रिक्षा. "बुटक्या माणसाची लाज राखणारी गाडी," म्हणतात. माझ्या स्कूटरबद्दल त्यांचं मत मी इथे देत नाही. तिचे हप्ते मी प्रामाणिकपणे फेडले आहेत.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग शालनवहिनींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.

वहिनी म्हणजे अण्णांची बायको. उंचीला जेमतेम, बोलायला भरपूर. दवाखान्यातून सुटताना भाच्यांनी दोन्हीकडून धरून त्यांना उंच गाडीत उचलून घातलं. दारात माणसं उभी होती, लुगडं गुडघ्यावर गेलं. घरी आल्यावर वहिनींनी एकच सांगितलं, "मला पुन्यांदा पोत्यागत चढवायचं न्हाई." गावात त्या रिक्षातून हिंडायच्या. पण त्यांचं माहेर साताऱ्यापलीकडच्या मेढ्याचं, आणि मेढ्यापर्यंत रिक्षा कोण नेणार? तिथे नव्वदीची आई अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी फोनवर विचारायची, "कवा येतीस गं?" वहिनी म्हणायच्या, "गाडी गावली की येते."

दीड वर्ष गाडी गावली नाही. कारण अण्णा शोधत होते.

कऱ्हाड, सातारा, सांगली, एक दुकान त्यांनी सोडलं नाही. मला सोबत न्यायचे. दार उघडायचं, टेप लावायचा, वहिनींच्या गुडघ्याची उंची वहीत लिहिलेली ती ताडून बघायची आणि मान हलवायची. एकदा एका विक्रेत्यानं कौतुकानं गाडीचं उघडणारं छप्पर दाखवलं. अण्णा म्हणाले, "आमची मंडळी छपरातनं चढायची न्हाई." मी हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. दीड वर्ष मेढ्याची म्हातारी वाट बघत होती, हे तेव्हा आम्हाला सुचलं नाही, याची आज लाज वाटते.

शेवटी वहिनीच उठल्या. "गाडीत मी बसायची, आन् माप तुमी काढत हिंडताय व्हय? मला न्या." आम्ही तिघं रिक्षानं सांगलीला जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. दहा-बारा गाड्या होत्या. अण्णा एकेकीपुढे थांबत गेले, पण कडेच्या एका पांढऱ्या सात सीटांच्या गाडीला वळसा घालून निघाले. वहिनी नेमक्या तिथेच थांबल्या.

त्यांनी काठी मला दिली, दार उघडलं आणि पाय उचलला. पाय उंबऱ्यागत आलेल्या कडेला अडकला. धरायला काही नव्हतं. त्या डुगडुगल्या तसे अण्णा धावले आणि दाराच्या वरच्या पत्र्याला आपला तळवा लावून उभे राहिले, वहिनींच्या डोक्याला लागू नये म्हणून.

"ह्ये दार मी काढलंय, शालन," ते म्हणाले.

"ठावं हाय की. ह्येचं चित्र पास झालं त्या दिशी पेढं आणलं व्हतं तुमी."

अण्णांचा तळवा पत्र्यावरच राहिला.

"कागुद दाखवला व्हता मला. मी म्हणलं, आवं, बायकांनी कसं चढायचं ह्यात? तुमी म्हणला, च्या टाक."

वहिनींनी हे रागानं म्हटलं नाही, काल काय भाजी केली हे सांगावं तसं सांगितलं. त्यामुळेच ते जास्त लागलं असावं. इतकी वर्षं ज्या काढणाऱ्याचा अण्णा उद्धार करत होते तो कोण, हे मला त्या दिवशी कळलं आणि मला त्यांची फार दया आली. त्यांनी वही उघडली, तिथेच धुळीत बसले आणि म्हणाले, "आता सांग."

वहिनींनी सांगितलं. अण्णांनी मुकाट लिहून घेतलं. मध्ये एकदा "पर तसं—" म्हणाले आणि थांबले.

तीच गाडी घेतली. "हिला कुठं भोक पाडल्यालं चालतं त्ये मला ठावं हाय," हे त्याचं कारण. उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून खाली रुंद पायरी आणि आत धरायला दांडी बसवून घेतली. दांडीची जागा अण्णांच्या हिशेबानं वर होती. वहिनींनी खडूनं खूण केली तिथे ती बसली.

मेढ्याला निघायच्या सकाळी सगळी गल्ली बघायला जमली. वहिनी काठी टेकत दारात आल्या, माणसं बघितली आणि थबकल्या. अण्णांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि ओरडले, "सगळ्यांनी तिकडं तोंड करा! कुणी बघायचं न्हाई!"

आम्ही वीस-पंचवीस माणसं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. अण्णाही माझ्या शेजारी. त्यांचे ओठ हलत होते. "पायरीवर चांगला पाय... दांडी धर... आधी टेक... आता वळ..." वहिनींनी सांगितलेलं वहीत लिहून घेतलं होतं, ते त्यांना पाठ होतं.

"बसले मी," मागून आवाज आला. "आता तुमी येताय, का तुमाला उचलून घालू?"

गल्ली हसत वळली. अण्णांना वळता येईना. गाडी त्यांनाच चालवायची होती, म्हणून मी त्यांना रुमाल दिला आणि ते डोळे पुसेपर्यंत त्यांच्यासोबत भिंतीकडे बघत उभा राहिलो.