भक्तिणीच्या टाकीतली हवा

डेल्फिनो अर्चुलेता स्वतःची ओळख करून देताना आधी टोपी काढत असे, म्हणजे समोरच्याला त्याचं कपाळ नीट दिसावं. 'या कपाळामागे काय चाललंय ते कधीकधी मलाही उशिरा कळतं,' असं तो म्हणे, आणि एवढं मात्र खरं होतं. एकतीस वर्षं त्याने रिंकोनसितो गावातल्या पाण्याच्या मीटरांचे आकडे वाचले आणि निवृत्त झाल्यावर माणसं वाचायला घेतली. 'नदीच्या या काठावरचा सर्वांत तल्लख गुप्तहेर' असं त्याच्या कार्डावर छापलं होतं. त्या काठावर दुसरा गुप्तहेरच नव्हता, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

त्याला गाडी चालवता येत नसे. ते काम ओनोफ्रे लुसेरोच्या गळ्यात पडलं होतं. ओनोफ्रेच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला डेल्फिनो धर्मपिता झाला, तेव्हापासून दोघे एकमेकांचे कोंपाद्रे, आणि कोंपाद्रेला नाही म्हणायची आपल्याकडे सोय नाही. ओनोफ्रेने ती सोय शोधण्यात आठ वर्षं घालवली होती.

शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याच्या सणाच्या दिवशी सकाळी दहाला अमादेओ त्रुहियोचा फोन आला. त्याच्या टाकीतली हवा चोरीला गेली होती.

अमादेओची जांभळी पिकअप साऱ्या खोऱ्यात प्रसिद्ध. स्प्रिंगांच्या जागी चार रबरी फुगे, मागे हवेची टाकी आणि ती भरणारा कॉम्प्रेसर. बटण दाबलं की फुग्यांतली हवा सुटते आणि गाडीचं पोट जमिनीला टेकतं. दुसरं दाबलं की टाकीतली हवा फुग्यांत शिरते आणि गाडी उठते. अकरा वर्षं तिच्यावरून संताच्या मूर्तीची मिरवणूक निघत होती आणि देवळासमोर ती गुडघे टेकावेत तशी खाली बसून पुन्हा उठत होती. म्हणून तिचं नाव ला बेआता, भक्तीण.

पण गेले तीन दिवस अमादेओ सकाळी टाकी गच्च भरून जाई आणि दुपारी दाबाचा काटा शून्यावर. गळती म्हणावी तर सगळ्या सांध्यांना साबण लावून पाहिला, एक बुडबुडा नाही. आज तर दहालाच काटा खाली. सणाच्या कारभाऱ्याने बजावलं होतं की गाडी देवळासमोर बसून उठली नाही, तर यापुढे संत चुलत भावाच्या, हिल्बेर्तोच्या ट्रॅक्टरवरून जाईल. संताला गाडीवर बसवायचं कबूल केलं होतं अमादेओच्या वडिलांनी, आणि ते आता नव्हते.

डेल्फिनोने जमिनीवर पालथं पडून गाडीखालच्या हवेचा वास घेतला आणि पुरावा नष्ट होईल म्हणून तपास संपेपर्यंत कॉम्प्रेसर लावायला मनाई केली. पहिला संशय हिल्बेर्तोवर. त्याने नळी लावून हवा तोंडाने ओढली असणार, कारण त्याचा गाल फुगलेला होता. चौकशीअंती दाढ सुजल्याचं निघालं. मग संशय देवळातल्या पेटीवाल्यावर. गेल्या रविवारी पेटी भलतीच जोरात वाजली होती, एवढी हवा आली कुठून? पेटीवाल्याने त्याला पेटीचा विजेचा पंखा दाखवला आणि हाकललं. तिसरा सिद्धान्त असा की अकरा वर्षं गुडघे टेकून कंटाळलेल्या गाडीने स्वतःच हवा सोडली. एव्हाना साडेअकरा वाजले होते, मिरवणूक बाराची. अमादेओने डोकं धरलं. ओनोफ्रेला त्याची दया आली आणि कोंपाद्रेची लाज वाटली.

अमादेओची आई क्लेओफास, गावाची दोन्या म्हणजे बाईसाहेब, हिने सगळ्यांसमोर राजम्याच्या वाट्या ठेवल्या. संध्याकाळच्या गावजेवणाचा राजमा दरवर्षी तीच शिजवी.

"दोन्या," तिसरी वाटी पुढे करत डेल्फिनो म्हणाला, "गेल्या वर्षी तुमच्या राजम्यातल्या खड्याने माझी दाढ गेली. यंदा एक खडा नाही."

"यंदा हवेनं निवडला ना," ती म्हणाली. "भक्तिणीच्या टाकीला ती चाकं भरायची नळी आहे, ती धरायची. राजमा उडून चादरीत पडतो, खडे जागेवर राहतात. चार पोती झाली."

अमादेओने वाटी खाली ठेवली.

"आई, मी तुला विचारलं होतं, गाडीजवळ कोणी आलं होतं का म्हणून."

"कोणी नव्हतं आलं. मी एकटीच होते."

अमादेओ धावत सुटला. कॉम्प्रेसरला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. काटा अर्ध्यावर आला तोच ढोल वाजले आणि संताला गाडीवर चढवावं लागलं. त्याच्या रक्षणासाठी डेल्फिनोही चढला.

देवळासमोर भक्तीण छान बसली. अमादेओने उठायचं बटण दाबलं. गाडी दोन बोटं वर आली आणि थांबली. ढोल थांबले. मागे हिल्बेर्तोने ट्रॅक्टर सुरू केला.

गर्दीतून दोन्या क्लेओफास पुढे आली. "डेल्फिनो, खाली उतर. तीन वाट्या झाल्यात तुझ्या."

तो उतरला. भक्तीण हळूहळू उठली, पार वरपर्यंत, आणि संत किंचित डुलला. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. अमादेओ स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला, आणि त्याने ते लपवलंही नाही.

परतताना डेल्फिनोने टोपी काढली. "पाहिलंत कोंपाद्रे? मला पहिल्यापासून खात्री होती. गुन्हेगाराला घटनास्थळावरून हटवल्याशिवाय गाडी उठणार नव्हती."

"हटवलं कोणी?"

"दोन्याने. पण उतरलो मी."

ओनोफ्रेने डेल्फिनोच्या बाजूची काच खाली केली. तीन वाट्यांचा परिणाम सुरू झाला होता आणि गाडीत आता हवेची काही कमतरता नव्हती.