गोजराबाई तांबटीण इजला घरधनीपण जाहले त्याची हकीकत

॥ विघ्नहर्त्यास नमन, कुलदेवतेस नमन, आणि ज्या चुलीवर लेकरांचा भात शिजतो त्या चुलीसही नमन ॥ शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, ते साली आमचे राज्यात लेकरसूट जाहली, तिची हकीकत पुसाल तर ऐसीजे. महाराज दरबारी बसले असता मर्जीस आले की, चूलपट्टी, म्हणजे चुलीमागचा कर, सर्व घरांस सारखी आहे, आणि जेथे सात तोंडे खाणारी तेथेही तितकीच, आणि जेथे नवराबायको दोघेच पानसुपारी खात बसतात तेथेही तितकीच, हा न्याय नव्हे. मग आज्ञा केली जे, ज्याचे पदरी लेकरू त्यास दर लेकरामागे पट्टीत सूट द्यावी. ऐसी आज्ञा भूमंडळी दुसऱ्या कोणा राजाने केल्याचे ऐकिवात नाही. शेजारचे राज्यात खिडक्यांवर पट्टी आहे आणि तेथील रयत खिडक्या बुजवून अंधारात जेवते, त्यांची गोष्ट सोडावी.

मग दप्तरदार माणको शामराज यांस जाबता, म्हणजे नियमांचा कागद, करावयास सांगितले. पंत थोर विद्वान, त्यांनी एक महिना दाढी न करिता कलमे बांधिली. लेकरू म्हणजे पोटचे, दत्तक, सावत्र, अथवा भावाबहिणीचे, ऐसे नाते असावे. आणि वयास एकोणीस पुरी नसावी, विद्या शिकत असेल तर चोवीस. आणि अंगाने अधू असेल त्यास वयाची अट नाही, हे कलम ऐकोन महाराजांनी पंतांस शालजोडी दिली. आणि लेकराने आपले पोट आपण भरत नसावे. आणि एक लेकरू एकाच चुलीखाली लिहावे, दोन चुलींनी मागू नये. आणि ज्या बाईचा नवरा घरी नाही तीही, वयाची आणि कमाईची अट न पाहता, ज्या पुरुषाचे घरी असेल त्याचे पदरी लेकरासारखी लिहावी. आणि जो स्वतः दुसऱ्याचे पदरी लिहिला गेला त्याचे पदरी कोणी लिहू नये, कारण जो वाढून घेतो तो दुसऱ्यास काय वाढणार. ऐसा जाबता सोन्यासारखा उतरला. राहिले एकच, की लेकरू राहते कोठे हे ठरवावे कैसे. पंत बोलिले की, दिवाळीत सारे आपापल्या घरी असतात, सबब राज्यातील यच्चयावत घरांची गणती एकाच दिवशी करावी, कार्तिक शुद्ध द्वितीयेस. त्या दिवशी भाऊबीज. पंत एकुलते एक, त्यांस बहीण नाही. दरबारात बाकीच्यांस बहिणी नव्हत्या काय, तर होत्या. परंतु पंतांपुढे बोलावयाची रीत नाही. मग सातशे कारकून एका दिवशी सातशे वाटांनी निघाले, घरोघर फराळ केला आणि सूर्यास्तापूर्वी गणती पुरी करून आले. ऐसी गणती पूर्वी जाहली नाही, पुढे होणार नाही.

पौष मासी दप्तर वाचून पाहतात तो राज्यातील झाडून सारी लेकरे मामांची जाहली. ज्याचे घरी सात पोरे तो निर्लेकर, आणि ज्याचे लग्नही जाहले नाही त्या मामाचे पदरी अकरा. एका मामाचे नावे तेवीस लागली. रयत दप्तराचे दारी येऊन गिल्ला करू लागली. तेव्हा पंतांनी हुकूम काढिला की, राजाचे दप्तर खोटे पडत नसते, सबब माघी पौर्णिमेचे आत ज्याने त्याने आपली लेकरे लिहिल्या घरी पोचवावी, म्हणजे दप्तर आणि मुलूख यांचा मेळ बसेल. हे ऐकोन तेवीस लेकरांची मामी त्याच दिवशी माहेरी निघोन गेली.

आता गोजराबाईची गोष्ट. तांबट आळीत ही बाई तांब्याचे हंड्यांस ठोके घालून पोट भरीत असे. तिचा नवरा बारा वर्षांपूर्वी दुसरी बाई घेऊन परमुलखी गेला तो गेलाच. धाकटी बहीण तापाने वारली, मेहुणाही मागोमाग गेला, तेव्हा त्यांची दीड वर्षांची पोर ठकी गोजराबाईने घरी आणिली आणि ती आता नऊ वर्षांची जाहली. भाऊबीजेस गोजराबाई ठकीस घेऊन दोन कोसांवर भाऊ धोंडजी याचे घरी ओवाळावयास गेली होती. धोंडजीची बायको आपली दोन्ही पोरे घेऊन आपले भावाकडे गेलेली, ती तिकडे लिहिली गेली. इकडे कारकून आला, त्याने घरात धोंडजी, गोजराबाई आणि ठकी ऐसे तिघे पाहिले आणि लिहिले की, धोंडजी घरधनी, त्याचे पदरी दोन. येणेकरून गोजराबाई स्वतः भावाचे पदरी पडली, आणि जाबत्याप्रमाणे तिचे पदरी ठकी लागेना. तो कारकून म्हणजे हा लिहिणारच. दोन अनारसे खाल्ले, कोण कोठे राहते हे पुसावे हे ध्यानी आले नाही. लबाडी केली नाही, परंतु लाज वाटते ती वाटते.

हुकूम कळताच गोजराबाई ठकीचा हात धरोन दप्तरी आली. पंत गादीवर होते, धोंडजीसही बोलाविले होते. पंतांनी समजाविले की, बाई, भाऊ पोसतो यात कमीपणा कसला, आणि मुलगी मामाकडे सुखात राहील. गोजराबाईने ऐकोन घेतले. मग बोलली, "कमीपणा न्हाई, सरकार. पन ते खरं न्हाई." पुढे सांगू लागली की, सूट नको, पट्टी पुरी घ्या, वाटल्यास दीडपट घ्या, हातोडी आहे तोवर देईन, परंतु पोर जिथे निजते तिथून तिला उठवू नका. हे बोलताना तिचा आवाज चढला नाही, मात्र ठकीचा हात इतका घट्ट धरिला होता की पोरीने दुसऱ्या हाताने तो सैल करावयास पाहिला.

पंतांनी धोंडजीस पुसिले की, मुलगी तुझे घरी किती रात्री निजली. धोंडजी गरीब माणूस, आपली पोरे मेहुण्याकडे लिहिली गेल्याने त्यास या दोघींचीच सूट होती, आणि आजवर तो गप्प राहिला होता.  तो बोलिला, "चार रात्री, सरकार. चौथ्या रातीला रडली, घरी जायचं म्हनून. ताई उशालाच व्हती, तरी घरी जायचं म्हनली." मग बहिणीकडे वळोन म्हणाला, "ताई, तू ओवाळलंस तवा माज्याकडं काय नव्हतं, ताटात सुपारी टाकली. आता ओवाळनी घालतो. सरकार, दोघींची नावं माज्या चुलीखालनं काढा."

 तेव्हा या लिहिणाराने धीर करून सांगितले की, ते नाव आपण लिहिले आणि पुसिले नाही. पंतांनी पुसिले, तुम्हांस बहीण आहे काय. म्हटले, तिघी आहेत. मग तिथी ठरली तेव्हा बोलिला का नाहीत, ऐसे पंत म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता उठोन महाराजांकडे गेले. तेथे काय बोलणे जाहले ते ठाऊक नाही. इतके कळले की, महाराजांचे नावेही बहिणींची नऊ लेकरे लागली होती आणि त्यांनी सिंहासनाचे गादीतील कापूस उपसोन खेळावयास घेतला होता. दोन घटकांनी पंत परत आले आणि नवे कलम सांगितले. राज्याची चूक होत नाही, सबब तिथी चुकली ऐसे ठरले. आता लेकरू ज्या छपराखाली वर्षातील अर्ध्याहून अधिक रात्री निजेल त्या चुलीचे, आणि साक्ष शेजाऱ्यांची. विद्येसाठी अथवा दुखण्यापायी बाहेर राहिले तरी ते घरीच निजले ऐसे धरावे. आणि ज्या बाईचा नवरा वर्षाचे उत्तरार्धात उंबऱ्यास आला नाही आणि जी आपले हिमतीने घर चालविते, ती घरधनी. हे शेवटचे कलम पंतांनी कागद न पाहता सांगितले. विद्वान पुष्कळ पाहिले, परंतु भर दप्तरात आपलाच जाबता फिरवणारा दप्तरदार आमचेच राज्यात निपजला, याचा अभिमान आहे.

तांबट आळीचे सहा शेजारी उभे राहिले. पहाटे ठोके कोणाचे आणि त्या ठोक्यांत निजून राहणारी पोर कोणाची, हे त्यांनी सांगितले. मग पंतांनी या लिहिणारास आज्ञा केली की, नवा बंद, कोरा कागद, घ्या. बंद घेतला आणि घरधनीचे जागी गोजराबाई ऐसे लिहिले, आणि तेथे लेखणी थांबली. कारण दप्तराची रीत ऐसी की, पुरुषाचे पुढे बापाचे नाव आणि बाईचे पुढे नवऱ्याचे. उघडे नाव लिहीत नाहीत. तिला पुसिले की, कोणाची म्हणून लिहू. नवऱ्याचे नाव तिने घेतले नाही, भावाचेही घेतले नाही. 

"ठकीची लिवा," म्हणाली.

पंतांनी जाबता पुढे ओढिला आणि पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत चाळिला. ऐसे लिहू नये ऐसे कोठे नव्हते, लिहावे ऐसेही नव्हते. मग जाबता मिटोन म्हणाले, लिहा.

तात्पर्य इतकेच. तांबट आळी, चूल एक, लेकरू एक, घरधनी गोजराबाई ठकीची. या लिहिणारास दप्तरात चाळीस वर्षे जाहली आणि हजारो नावे लिहिली, परंतु इतके सुरेख अक्षर पुन्हा उतरले नाही.