महाचुंबकाचे अठ्ठेचाळीस भाग

"तीस वर्षं साहित्य शिकवतोय मी! माझ्यासमोर एखादी गोष्ट आली आणि तिचा अर्थ मला लागला नाही, असं आजवर झालं नाही आणि होणारही नाही!"

हे वाक्य सर प्राचार्यांच्या खोलीत, प्राचार्यांच्याच टेबलावर थाप मारून बोलले, तेव्हा टेबलावरचा ग्लास कलंडला आणि पाणी प्राचार्यांच्या मांडीवर गेलं. दुसरा एखादा असता तर तिथेच थांबला असता. पण थांबतील ते सर कसले!

त्याचं असं झालं होतं. साहित्य विभागाचे प्रमुख निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी दोन जण होते. एक आपले सर, आणि दुसऱ्या नाटक शिकवणाऱ्या बाई. सर त्या खुर्चीकडे अकरा वर्षं डोळे लावून बसले होते. मधल्या काळात त्यांनी खुर्चीच्या मागच्या भिंतीला कोणता रंग द्यायचा तेसुद्धा ठरवून टाकलं होतं. पण प्राचार्य नवे होते, आणि नव्या माणसाला नवं काहीतरी सुचतंच.

"जुन्या कवितांवरचे निबंध आता बास," प्राचार्य मांडी पुसत म्हणाले. "मुलं जे बघतात त्यावर बोला. आपण चर्चासत्र घेऊ, बाहेरून तज्ज्ञ बोलावू. ज्याचा निबंध ते उचलून धरतील, तो विभागप्रमुख."

बाईंनी जाहिरातींवर बोलायचं ठरवलं. सरांनी निवडली 'महाचुंबक'. ही त्या वेळची सगळ्यात गाजलेली मालिका. तिचा नायक अंगातल्या चुंबकशक्तीने आगगाड्या थोपवायचा. सरांनी तिचा एकही भाग पाहिलेला नव्हता. त्यांच्या मते ते फायद्याचंच होतं.

"कोऱ्या मनाने पाहणार मी!" त्यांनी घरी जाहीर केलं. "रोज संध्याकाळी एक भाग. भाग संपला की टीव्ही बंद, आणि टिपण. आणि ऐक, मला या मालिकेबद्दल कोणी एक अक्षरही सांगायचं नाही. दुसऱ्याचं मत कानावर पडलं की वाचन बाटतं!"

हे ऐकवलं कोणाला, तर वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला. वहिनी दातांच्या डॉक्टर. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणाऱ्या बाईंच्या तोंडाला घरी सरांनी हे असं कुलूप घातलं.

सरांनी टीव्ही लावला. पडद्यावर भागांची यादी आली. सगळ्यात वर चित्र, आणि चित्रावर आकडा : ४८. सर खूश झाले. "काय सोय केली आहे बघ! किती भाग बघायचे राहिलेत ते आधीच सांगतात!" त्यांनी ते वरचं चित्र दाबलं. कागद कुठलाही असो, सर तो वरून खाली वाचत. परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठाही ते वरूनच तपासत. तेव्हा यादीही वरूनच सुरू झाली. या मालिकेचा सगळ्यात नवा भाग यादीत सगळ्यात वर असतो, हे त्यांना सांगायला कोणी नव्हतं. जे होतं, त्याला बोलायची बंदी होती.

पहिल्याच संध्याकाळी महाचुंबकाने कोसळणारा पूल दोन्ही हातांनी धरून ठेवला, माणसं पलीकडे गेली, आणि तो पुलाखाली सापडून मेला. भागाचं नाव होतं 'अंत'.

सर उभेच राहिले. "पहिल्याच भागात नायक मेला! आणि भागाचं नाव 'अंत'! केवढं धाडस!"

वहिनी त्या वेळी दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या. त्यांच्या निम्म्या पेशंटांनी तोंडात कापूस असतानाही त्यांना ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. पडद्याकडे बघून त्या म्हणाल्या, "अहो, पण हा तर..."

"शू!"

"अहो, नुसतं एवढंच सांगते की..."

"एक अक्षर नाही!"

दुसऱ्या दिवशी महाचुंबक जिवंत. सरांनी टिपण केलं : 'मृत्यू हा आरंभ आहे.' प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक भारदस्त आवाज 'मागील भागात' म्हणायचा आणि काही दृश्यं दाखवायचा. ती दृश्यं सरांना दुसऱ्या दिवशीच्या भागात जशीच्या तशी भेटायची. सर थरारून गेले. "मागील म्हणतात आणि पुढचं दाखवतात! काळाचीच उलथापालथ केली आहे गं यांनी!" भाग संपताना मोठा प्रश्न पडायचा आणि त्याचं उत्तर सरांनी आदल्या संध्याकाळीच पाहिलेलं असायचं. "उत्तर आधी, प्रश्न नंतर! असा लेखक शंभर वर्षांत एखादाच होतो!"

वहिनींनी आठव्या दिवशी एक चिठ्ठी लिहून त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवली. सरांनी ती न वाचताच पुस्तकात खूण म्हणून घातली. विसाव्या दिवशी वहिनींनी हातवारे करून बघितले. सर म्हणाले, "मान आखडली असेल तर शेक घे." तेव्हा मात्र वहिनी भडकल्या.

"बरं! नाही बोलत! आता तुम्ही पाय धरलेत तरी नाही बोलायची!"

"उत्तम!" सर म्हणाले आणि त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

मालिका उलगडत गेली. म्हणजे गुंडाळत गेली, पण सरांच्या लेखी उलगडतच होती. आधी पूल पेलणारा महाचुंबक मग आगगाडी थोपवू लागला, मग नुसती मोटार, मग सायकल, मग चमचे. त्याची बायको आधी त्याच्यासाठी रडत होती, मग त्यांचं लग्न झालं, मग ओळख, आणि मग ती त्याच्या शेजारून छत्री सावरत निघून गेली, वळूनही न बघता. त्याचा हाडवैरी आधी त्याच्या जिवावर उठलेला, मग नुसता रुसलेला, आणि सरतेशेवटी त्याच्याच डब्यातली पोळी खाणारा जिवलग मित्र. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटच्या संध्याकाळी महाचुंबक वजनमाप खात्यात साधा कारकून होता. त्याच्या हातून टाचणी पडली आणि ती त्याला खाली वाकून शोधावी लागली. भागाचं नाव होतं 'प्रारंभ'.

"शेवटाचं नाव प्रारंभ!" सर टीव्हीसमोर हात जोडून बसले. "पूल पेलणारा हात टाचणीसाठी वाकतो! सत्तेचा असा त्याग कोणी लिहिलेला नाही गं, कोणी लिहिलेला नाही!"

वहिनी लसूण सोलत होत्या. त्यांनी पाकळी इतक्या जोरात दाबली की ती उडून कपाटाखाली गेली.

निबंध झाला ब्याण्णव पानांचा. नाव : 'शक्तीचे विसर्जन.' चर्चासत्राच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं, कारण मुलांनी विषय वाचला होता. सरांनी वहिनींना पहिल्या रांगेत बसवलं. टाळ्या सुरू करायला आपलं माणूस लागतं.

आधी बाई जाहिरातींवर बोलल्या. बरं बोलल्या. मग सर उठले आणि सुटलेच! मृत्यूपासून टाचणीपर्यंत. शत्रूपासून मित्रापर्यंत. पत्नीपासून अनोळखी बाईपर्यंत. पहिली दहा मिनिटं मुलं एकमेकांकडे बघत होती. पुढच्या दहा मिनिटांत कोणी हलेना. सर टाचणीपाशी आले तेव्हा मागच्या रांगेत एक मुलगी रुमालाने डोळे पुसत होती. निबंध संपला आणि टाळ्या अशा पडल्या की वहिनींना सुरुवात करायची गरजच उरली नाही.

बाहेरून आलेले तज्ज्ञ हे पांढऱ्या दाढीचे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. ते उठून सरांजवळ आले आणि त्यांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले.

"चाळीस वर्षांत असा निबंध ऐकला नाही! सगळं जग जी मालिका सुरुवातीकडून शेवटाकडे बघतं, ती तुम्ही शेवटाकडून सुरुवातीकडे पाहिलीत. उलट वाचन! ही कल्पना सुचली कशी तुम्हाला?"

प्राचार्य खुलले. खुर्ची सरांपासून हातभर अंतरावर होती. नुसतं हसून 'सुचली' म्हणायचं होतं. एक शब्द!

"उलट?" सर म्हणाले. "कसलं उलट?"

"म्हणजे, शेवटचा भाग आधी..."

"माफ करा. मी पहिला भाग आधी पाहिला."

तज्ज्ञ हसले. "विनय आहे तुमचा."

"विनय नाही हो! मी सुलटीच पाहिली!"

सभागृहात चुळबुळ झाली. तिसऱ्या रांगेतला एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, तो पुलाखाली मरतो तो शेवटचा भाग आहे."

"पहिला!"

"शेवटचा, सर. त्याचं नावच 'अंत' आहे."

"तोच तर उपरोध आहे, गाढवा! अकरा पानं लिहिली आहेत मी त्यावर!" सरांनी टिपणवही उंच धरली. "ही बघा, तारीखवार नोंद! पहिली तारीख, पूल. शेवटची तारीख, टाचणी. आता बोला!"

प्राचार्यांनी कपाळावरचा घाम टिपला. नाटकाच्या बाई भल्या होत्या बिचाऱ्या. त्या सरांच्या मागे येऊन हळूच म्हणाल्या, "सर, हो म्हणा ना. छान झालाय निबंध."

झालं! सरांच्या डोक्यात प्रकाश पडला, पण नेमका चुकीच्या खोलीत. प्रतिस्पर्धी बाई हो म्हणायला सांगतात म्हणजे नक्कीच काहीतरी कट आहे!

"वा! माझ्या तोंडून चूक कबूल करून घ्यायची आणि खुर्ची लाटायची, काय? मी आयुष्यात एकही गोष्ट उलटी केलेली नाही! साक्षीदार आहे माझ्याकडे!" त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला. "माझी बायको! अठ्ठेचाळीस संध्याकाळी शेजारी बसून होती. ऊठ, सांग यांना!"

वहिनी उठल्या. "बोलू?"

"बोल! मोकळेपणाने बोल!"

जवळजवळ दोन महिने दातांवर दात दाबून बसलेली बाई ती! आता काय वाट्टेल ते बोलू शकल्या असत्या. त्यांनी एकदा नवऱ्याच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा प्राचार्यांकडे. अकरा वर्षं त्या माणसाला खुर्चीसाठी झुरताना त्यांनीच तर पाहिलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "यांनी मालिका मुद्दाम उलटी पाहिली. मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, जग एका बाजूने बघतं, मी दुसरीकडून बघणार. फार विचार करून केलंय त्यांनी. लाजतात ते सांगायला."

तज्ज्ञांनी मान डोलावली. प्राचार्यांनी सुस्कारा सोडला. बाईंनी टाळ्यांसाठी हातसुद्धा उचलले.

"खोटं!" सर गरजले. "साफ खोटं बोलते आहे ही! मी असं काहीही म्हणालो नाही! मी यादीतलं वरचं चित्र दाबलं, जसं कोणीही दाबेल! उलटी तुम्ही पाहिलीत! तुम्ही! तुमच्या या मुलांनी! सगळ्या जगाने मालिका उलटी पाहिली आहे आणि मी एकट्याने सुलटी!"

वहिनी खाली बसल्या. त्यांनी पर्समधून डोकेदुखीची गोळी काढली आणि पाण्याशिवायच गिळली.

शेवटी त्या विद्यार्थ्याने फोन आणून सरांच्या नाकासमोर धरला. त्यात यादी होती, तारखा होत्या, 'भाग पहिला : प्रारंभ' होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. यादी तशीच राहिली. मग ते व्यासपीठावरून उतरले आणि ब्याण्णव पानं काखेत मारून चालत घरी गेले. वहिनींना बरोबर घ्यायचंही विसरले.

आठवड्याने पत्र आलं. विभागप्रमुख नाटकाच्या बाई झाल्या. तज्ज्ञांनी शेरा लिहिला होता : 'निबंध असामान्य. परंतु लेखकाला तो मान्य नाही.'

चार दिवस सर टीव्हीकडे पाठ करून जेवले. पाचव्या दिवशी संध्याकाळी येऊन टीव्हीसमोर बसले आणि म्हणाले, "लाव. तू लाव. आणि यावेळी काय बोलायचं ते बोल."

वहिनींनी 'प्रारंभ' लावला. मग अठ्ठेचाळीस संध्याकाळी त्या बोलत होत्या! साठलेलं सगळं बोलल्या. टाचणी, चमचे, सायकल, मोटार, आगगाडी. सर मुकाट्याने बघत होते. ज्याला ते डब्यातली पोळी खाताना बघत होते, तो मित्र हळूहळू वैरी झाला. छत्रीवाली बाई बायको झाली आणि रडली. शेवटच्या संध्याकाळी पूल कोसळला, नायक मेला, पडद्यावर नावं यायला लागली. सरांनी उसासा टाकला.

"छे! काय भिकार गोष्ट आहे. चांगला कारकून होता, डबा खायला मित्र होता, आणि शेवटी काय, तर पुलाखाली मेला! त्यापेक्षा उलटीच बरी. मालिका उलटीच पाहायला हवी."

वहिनींनी रिमोट खाली ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "एवढंच वाक्य बोलायचं होतं हो त्या दिवशी!"