शितावरून मफलर

“मफलर विकत आणायचा? घरात पिशवीभर लोकर पडून असताना?”

धाकट्या सुनेने हे अशा आवाजात विचारलं, की जणू घरच्यांनी नदीकाठी राहून पाण्याची बाटली मागवली होती!

सासूबाईंच्या गायनमंडळाचा कार्यक्रम रविवारी संध्याकाळी बागेत होता. उघड्यावर, ऐन थंडीत. इतकी वर्षं मागच्या रांगेत उभं राहून तोंड हलवल्यावर सासूबाईंना पहिल्यांदाच एकटीने म्हणायचं गाणं मिळालं होतं, आणि नेमका त्याच आठवड्यात घसा धरला. डॉक्टर म्हणाले, “गळा झाकलात तर गाल, नाहीतर नुसत्या खोकाल!” वरच्या मजल्यावरच्या बाईही त्याच मंडळातल्या. खाली सासूबाई खोकल्या रे खोकल्या, की वर लगेच त्याच गाण्याचा आलाप सुरू व्हायचा. गरज पडलीच तर असावं म्हणून!

“आई, काळजी करू नका. मी विणते,” धाकटी म्हणाली.

थोरल्या जाऊबाई विणकामातल्या उस्ताद. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “नमुना कुठला घेणार आहेस?”

“नमुना कशाला, ताई? हिशेब आहे ना!”

“लोकर हिशेबाने वागत नाही, प्रयोगशाळाबाई!”

धाकटी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, म्हणून घरात तिचं हे नाव पडलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. उलट, टाकीतलं बाटलीभर पाणी तपासून अख्खं गाव काय प्यायलं ते सांगणारी बाई एका मफलरला काय घाबरणार?

तिने पिशवी ओतली. जुन्या स्वेटरांतून उरलेले गोळे निघाले: किरमिजी, हिरवा, पांढरा, पिवळा, करडा. तिने वीतभर पट्टी विणली, ती वजनकाट्यावर ठेवली, गोळ्यांचं वजन केलं आणि जाहीर केलं, “पुरून उरेल!” मग साखळी, खांब, साखळी, खांब अशी क्रोशाची सुई जी चालली, ती शनिवारी रात्री जेवणाआधीच थांबली. एक रंग संपला की दुसरा जोडायचा. मफलर सरळ, कडा सरळ, धाकटीची मान त्याहून सरळ!

“झालाय खरा,” थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

सासूबाईंनी मफलर गळ्याला गुंडाळला आणि एकापाठोपाठ एक अशा शिंका दिल्या, की भिंतीवरचं घड्याळ हललं. लोकरीला डांबरगोळ्यांचा वास होता! वरून ताबडतोब आलाप आला.

“गरम पाण्यात घालून सकाळी वास काढते,” धाकटी म्हणाली.

“गरम पाण्यात?” थोरल्या जाऊबाई दारातून मागे वळल्या. “अगं, आटेल!”

“ताई, मी न तपासता काही करत नाही.”

आणि खरंच तिने तपासलं. पिशवीच्या तळाशी हिरव्या दोऱ्याचं टोक उरलं होतं. ते कढत पाण्यात घातलं, ढवळलं, काढलं, पट्टीने मोजलं. केसभर फरक नाही! शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय? रविवारी सकाळी तिने बादलीभर कढत पाण्यात साबण घालून मफलर सोडला आणि काठीने असा घुसळला, की ताकाला लाज वाटावी.

बाहेर काढल्यावर तिने आधी चष्मा पुसला.

मफलर निम्मा झाला होता! किरमिजी, पांढरा आणि करडा पट्टा आटून पावासारखे घट्ट आणि अरुंद. हिरवा आणि पिवळा मात्र होते तेवढेच रुंद. आता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हिरवा-पिवळा नकली धागा होता. बाकीची अस्सल मेंढीची लोकर. तिने शीत तपासलं ते बरोबर, पण या पातेल्यात दोन जातींचे तांदूळ होते!

“अगं, हे काय?” नवऱ्याने विचारलं. “अजगराने उशा गिळल्यात का?”

“बोलू नका. दुसरं टोक धरा.”

दोघांनी दोन्ही टोकं धरून ओढलं. आटलेली लोकर तसूभर हलली नाही. नकली धागा तेवढा लांबला. “इस्त्री करून पाहू?” नवरा म्हणाला. इस्त्री लागली मात्र, हिरवा पट्टा उन्हात विसरलेल्या पालेभाजीसारखा मान टाकून लोंबायला लागला! मग पिवळाही लोंबवला. निदान दोन्ही सारखे तरी दिसावेत!

दुपारभर ते प्रकरण पंख्याखाली वाळलं. दुकानं बंद. संध्याकाळी सासूबाई तयार होऊन आल्या आणि हात पुढे केला. “आण गं.”

धाकटीने दिला. पहिल्यांदाच तिची मान सरळ नव्हती.

सासूबाईंनी तो गुंडाळला. आटलेला पट्टा नेमका गळ्याभोवती घट्ट बसला आणि खाली हिरव्या-पिवळ्या झालरी सुटल्या. “ऊब आहे हो!” त्या म्हणाल्या. “वारा आत शिरेल तर शपथ!”

बागेत हवा बोचत होती. मंडळातल्या निम्म्या बायका नाक पुसत होत्या, वरच्या मजल्यावरच्या बाई तर पार बसलेल्या आवाजात, “मी आहेच हं, लागलं तर,” असं खरखरत होत्या. सासूबाई पुढे झाल्या आणि गायल्या. वरचा सूरसुद्धा असा लागला, की झाडावरचे पक्षी उठून गेले. ते कौतुकानेच उठले, असं धाकटीचं ठाम मत आहे.

कार्यक्रम संपताच बायकांचा घोळका गळ्याशीच आला. “ही झालर कसली? कुठली वीण?”

“माझ्या धाकट्या सुनेची,” सासूबाई म्हणाल्या. “वजन करून, मोजून-मापून करते ती!”

“आम्हाला देशील का गं करून?”

“देईन की!” धाकटी म्हणाली. मान पूर्ववत झाली होती. “एकदा जमलं म्हणजे जमलं.”

नवऱ्याने तिला बाजूला ओढलं. “अगं, एकच केलास. तोही चुकून!”

“एक नमुना पुरतो.”

एवढ्यात थोरल्या जाऊबाईंनी सासूबाईंच्या गळ्यातला किरमिजी पट्टा चिमटीत धरून पाहिला, मग हिरवी झालर पाहिली, मग धाकटीकडे पाहिलं. चारचौघींत त्यांनी ती झालर फक्त नीट सारखी केली. घरी निघताना मात्र तिच्या शेजारून चालत हळूच विचारलं,

“किती जणींना हो म्हणालीस?”

“अकरा.”

“मग बादली जरा मोठी घे.”